टेबलामागची पाल

“अगो, टेबलामागं पाल आहे. चार दिवस झाले, सारखी चुकचुकतेय. दिसत मात्र नाही.”

२०२३ चा जुलै. मी ऑफिसातून घरी येऊन जिना चढत होते आणि फोनवर अण्णा बोलत होते. कोकणातल्या घरात पावसाळ्यात पाल निघाली तर त्यात नवल ते काय, म्हणून मी नुसतं ‘हं’ म्हटलं. मग भाताच्या लावणीबद्दल दोन वाक्यं झाली, आईच्या गुडघ्याबद्दल एक झालं, आणि अण्णा म्हणाले, “हा लॅपटॉप पण हल्ली सुरू व्हायला पाऊण तास घेतो. आणि गंमत बघ, तो चालू असला की पाल जास्त बोलते.”

मी होते त्या पायरीवर थांबले.

“अण्णा, लॅपटॉप आत्ता चालू आहे?”

“आहे की. पावसाची फाईल उघडायला लावली आहे. येईल पाच-दहा मिनिटांत.”

“तिची वाट बघू नका. बंद करा. आणि मी येईपर्यंत पुन्हा सुरू करू नका.”

“म्हणजे आजची नोंद?”

“वहीत करा.”

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, “पाल नाही का ती?”

पावसाची फाईल म्हणजे काय ते सांगायला हवं. अण्णा माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. आमचं गाव चिपळूणजवळ, डोंगराच्या पोटाशी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो आकडा पेपरात वाचून अण्णांनी विचारलं होतं, मग आपल्याकडे किती झाला? गावात कुणालाच सांगता येईना. ते त्यांना फार लागलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पर्जन्यमापक आणला, माडांपासून आणि पागोळ्यांपासून लांब, अंगणाच्या उघड्या टोकाला बसवला, आणि जून २००६ पासून रोज सकाळी साडेआठला मोजणी सुरू केली. साडेआठलाच, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जो पडला तो आजचा पाऊस. घरात बारसं असो की तेरावं, साडेआठला अण्णा छत्री घेऊन अंगणात.

पहिली काही वर्षं वह्या होत्या. २०११ च्या दिवाळीत दादाने त्यांना लॅपटॉप घेऊन दिला, तेव्हा अण्णांनी एका हिवाळ्यात सगळ्या वह्या बसून एक्सेलमध्ये उतरवल्या. त्याच दिवाळीच्या सुमारास थायलंडमध्ये महापूर आला होता, अयुथ्या भागातले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले होते आणि जगभर डिस्कचे भाव चढले होते. दादाने हे सांगितलं तेव्हा अण्णांचा पहिला प्रश्न होता, “तिकडे पाऊस किती झाला असेल?”

वह्या नंतर वाळवीने खाल्ल्या. म्हणजे सतरा वर्षांचा पाऊस एकाच ठिकाणी उरला होता. हे मला ठाऊक होतं. माझं कामच सर्व्हर सांभाळायचं आहे. ऑफिसात आठवड्याला एखादी डिस्क जाते, आम्ही ती काढतो, दुसरी बसवतो आणि चहाला जातो, कारण तिच्यावरचं सगळं आणखी दोन ठिकाणी असतं. दर दिवाळीला मी अण्णांना म्हणायचे, पुढच्या वेळी येताना बाहेरची डिस्क घेऊन येते. बारा दिवाळ्या होत आल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही ती याच कारणाने.

शनिवारची पहाटेची एसटी धरली. पिशवीत लिनक्स (विंडोजऐवजी ज्यावर लॅपटॉप चालवता येतो ती दुसरी प्रणाली) घातलेला पेनड्राइव्ह, एक टेराबाइटची नवी कोरी बाहेरची डिस्क आणि बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच. पाटण सोडलं तशी पावसाने झड धरली. कोयनानगरनंतर काचेबाहेर काही दिसेना, आणि कुंभार्ली घाटात तर ड्रायव्हर दिवे लावून गाडी पायी चालवावी तशी चालवत होता.

घरी पोचले तर निदानं आधीच तयार होती. दादाने फोनवरून व्हायरस ठरवला होता. गावाकडच्या एका दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न बघताच सांगितलं होतं, विंडोज उडवून नवीन टाकू, पळायला लागेल. चुलतभावाने कुठेतरी वाचलं होतं की डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालते. हा शेवटचा सल्ला फार जुना आहे आणि अजून मरत नाही. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आतही धरू शकतं. जुलैच्या कोकणात, जिथे काड्यापेटी पेटत नाही, तिथे डिस्क फ्रीजमध्ये घालायची म्हणजे ती आपल्या हाताने मारायची.

सगळ्यात काळजीची गोष्ट अण्णांनी शेवटी सांगितली. “सुरू होताना काळ्या पडद्यावर येतं, डिस्क तपासायची आहे, नको असेल तर दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबा. मी दाबली नाही. दोनदा आलं. म्हटलं, आपणहून तपासतोय तर तपासू दे.”

त्यांचा काही दोष नाही. कुणीही हेच करेल. पण ती तपासणी डिस्कच्या प्रकृतीची नसते. कुठली फाईल कुठे ठेवली आहे याचा जो हिशेब विंडोज ठेवतं, त्या हिशेबातल्या चुका ती दुरुस्त करते. डिस्क धडधाकट आहे असं ती धरून चालते. खराब डिस्कवर तीच तपासणी सगळीकडे उकरत फिरते आणि जिथे वाचता येत नाही तिथला हिशेब बदलून टाकते. छप्पर गळत असताना सामान बाहेर काढायचं सोडून फडताळं लावत बसावं तसं.

मी लॅपटॉप पालथा केला, खालचं झाकण काढलं, पंख्यात अडकलेली धूळ ब्रशने काढली. डिस्कचा जोड एकदा काढून नीट बसवला, कारण कधी कधी सगळं दुखणं त्या सैल जोडातच असतं. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, म्हणजे विंडोजने डिस्कला हातसुद्धा लावायला नको.

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते. स्मार्ट म्हणतात तिला. किती तास चालली, किती तापली, किती वेळा अडखळली, सगळं तिच्यात असतं. ती वाचायला डिस्कला जवळजवळ काही कष्ट पडत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून करायची. वर ठळक अक्षरांत निकाल होता: पास.

“बघ, पास म्हणतोय,” अण्णा खांद्यामागून म्हणाले. चाळीस वर्षं निकालपत्रं लिहिलेला माणूस.

“तो शेरा आहे अण्णा. गुण खाली आहेत.”

त्या ‘पास’वर भरवसा ठेवू नये हे मी पोटतिडकीने सांगते. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला होता. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त अशा निघाल्या, ज्यांच्या नोंदवहीत तापमान वगळता कुठल्याच रकान्यात मरणाची चाहूल नव्हती. उलट, तपासणीत वाचनाची पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निरोगी डिस्कच्या ३९ पट. म्हणजे नोंदवही कोरी असेल तर निश्चिंत होऊ नये, आणि तिच्यात एक जरी डाग असेल तरी थांबू नये.

मी ओळीने आकडे वाचले. चालू तास १४,२१६. अखंड चालवली असती तर दीड वर्षाहून जास्त. १९९ क्रमांकाच्या ओळीत शून्य. ही जोडाची, वायरीची ओळ, म्हणजे सैल जोडाची आशा संपली. ५ क्रमांकाच्या ओळीत ९६. इतके कप्पे, म्हणजे माहिती साठवायचे तबकडीवरचे लहान लहान तुकडे, डिस्कने स्वतःच बाद करून राखीव जागेतले वापरायला घेतले होते. हे एकवेळ चालतं, राखीव जागा त्यासाठीच असते. मग १९७ क्रमांकाची ओळ. ज्यांचं वाचन अडलंय पण निकाल लागलेला नाही, असे कप्पे. तिथे ३१२.

इथे माझ्या हातून चूक झाली. ऑफिसात अशी डिस्क आली की आम्ही तिच्यावर लांबची आत्मचाचणी लावतो. डिस्क स्वतःचा कप्पा न् कप्पा वाचून बघते आणि अहवाल देते. हात सवयीने चालले आणि मी ती लावली.

पाल लगेच बोलायला लागली.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या कडेला टेकवून मूठ कानाला लावली. पंप दुरुस्त करणारे असंच ऐकतात. आत एक बारीक, सलग घूं असा सूर होता, तबकडी फिरण्याचा. लॅपटॉपच्या या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, सेकंदाला ९० फेरे. अडीच इंचांची तबकडी, पण तिची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळत असते. तिच्यावर वाचणारं टोक टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटरच्या घरात असते. त्या सुरात मधेच खंड पडायचा आणि चुक चुक चुक, मग लांब घर्र, पुन्हा चुक चुक चुक. टोक एका जागी वाचायला जात होतं, वाचता येत नव्हतं, मागे येऊन जागा नव्याने शोधत होतं आणि परत तिथेच जात होतं. लॅपटॉपच्या डिस्कचा एक साधा टक असा आवाजही असतो, काम नसलं की टोक बाजूला विसाव्याला जातं तेव्हाचा. तो एकदाच येतो आणि निरुपद्रवी असतो. हा तसा नव्हता. अडलेला माणूस तोच शब्द पुन्हा पुन्हा बोलायला बघतो, तसा हा आवाज होता. पाऊण तास लॅपटॉप सुरू का होत नव्हता याचं उत्तर त्यातच होतं.

वीस मिनिटांत चाचणी थांबली. वाचनात अपयश, ९० टक्के बाकी. मी पुन्हा नोंदवही उघडली. ३१२ चे ३३६ झाले होते.

ते चोवीस माझ्यामुळे वाढले असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण मी त्या दुबळ्या डिस्कला वीस मिनिटं पळवलं होतं, आणि त्या बदल्यात मला जे कळलं ते मला आधीच माहीत होतं. ३१२ हा आकडा पुरेसा होता. निदान झालं होतं. त्यानंतर विचारलेला प्रत्येक प्रश्न डिस्कच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होत होता, आणि ते आयुष्य अण्णांच्या पावसासाठी राखून ठेवायचं होतं.

“आता पावसाची फाईल तेवढी काढून घे,” अण्णा म्हणाले. “बाकी काही नको मला.”

मी नाही म्हटलं. लहान फाईल आहे, उघडून पटकन दुसरीकडे टाकायला किती वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचंही नव्हतं. माझ्यासारखं काम करणारे कितीजण तेच करतील. पण फाईल काढायची तर आधी फोल्डरांची यादी वाचायला हवी, त्यासाठी टोक तबकडीभर इकडून तिकडे धावणार, आणि यादीचाच भाग खराब निघाला तर तिथेच अडून बसणार. त्यापेक्षा फाईल-बिईल काही न बघता पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत डिस्क जशी आहे तशी उचलायची, आणि शोधाशोध सगळी प्रतीवर करायची. हे मी समजावत होते, तरी अण्णांचा चेहरा उतरलेलाच. त्यांना फाईल डोळ्यांनी बघायची होती. आहे की गेली, एवढंच.

मग तेच म्हणाले, “लहानपणी तू पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलून बघायचीस. किती भरलं म्हणून.”

“तुम्ही ओरडायचात.”

“सांडतं ना. साडेआठच्या आधी बघायचं नाही.” आणि ते खुर्ची ओढून बसले. “लाव तुझं काय ते.”

पर्जन्यमापक आला तेव्हा मी कॉलेजात होते, तेव्हा नरसाळं उचलणारा माझा भाचा असणार. मी दुरुस्त केलं नाही.

डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. स्पेनमधल्या आंतोनियो दियास दियास यांनी तो लिहिला आहे आणि माझ्या मते या कामासाठी त्याच्याइतकं शहाणं दुसरं काही नाही. आंबे उतरवताना आपण आधी हाताला येतील ते काढतो, मग झेला घेऊन वरचे, आणि फांदीच्या टोकाचे अगदी शेवटी, फांदी मोडली तरी चालेल अशा वेळी. तो तसंच करतो. सहज वाचता येईल ते आधी उचलतो, अडलं की हुज्जत न घालता पुढे उडी मारतो, आणि राहिलेल्या जागांचा नकाशा वेगळ्या फाईलीत टिपून ठेवतो. चांगला भाग सुरक्षित झाला की मग अडलेल्या जागांच्या कडा कुरतडतो.

पाचशे गिगाबाइटची डिस्क, म्हणजे ९७,६७,७३,१६८ कप्पे. एकेक कप्पा ५१२ बाइटचा. दुपारी एक वाजता सुरू केलं. जुना यूएसबी, त्यामुळे वेग बेताचाच. टेबलफॅन लॅपटॉपच्या पोटाकडे वळवून ठेवला. अण्णा पडद्यावरचे बदलते आकडे बघत बसले, जेवायला उठले नाहीत, आईने ताट तिथेच आणून दिलं. सुरुवातीला पाल गप्प होती. तीनच्या सुमाराला बोलली, प्रोग्रामने उडी मारली, ती गप्प झाली. अण्णा दर वेळी माझ्याकडे बघायचे.

सायंकाळी साडेसातला वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली होती, म्हणजे सगळं क्षणात काळं. आईने कंदील आणला. अण्णा काही बोलेनात. पण नकाशा टिपलेला होता. साडेनऊला वीज आली तेव्हा मी तीच आज्ञा जशीच्या तशी पुन्हा दिली आणि काम जिथे थांबलं होतं त्याच्या जवळूनच पुढे निघालं. अण्णांनी विचारलं, “हे मधेच राहिलेलं त्याला कसं कळतं?” मी नकाशाची फाईल उघडून दाखवली. आकड्यांच्या नुसत्या रांगा. त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ वाचल्या. “रोज लिहून ठेवतो तर,” म्हणाले.

रात्री दोननंतर फक्त अडलेले तुकडे उरले. मी तीन फेऱ्यांची परवानगी दिली, त्याहून जास्त नाही. पाल त्या रात्री सर्वांत जास्त बोलली. माजघरात आई जागी होती, मी जागी होते, अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून पण जागेच. पहाटे काम थांबलं तेव्हा १७६ कप्पे राहिले होते. ८८ किलोबाइट. बाकी सगळं आलं होतं.

मी जुना लॅपटॉप बंद केला, डिस्क बाहेर काढली, आणि ती शेवटची. हातात अजून कोमट होती.

प्रत माझ्या लॅपटॉपला लावून फक्त वाचण्यापुरती उघडली. आधी राहिलेले १७६ कप्पे कुठल्या फाईलींचे ते शोधलं. बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या फाईलींत पडले होते. एका लग्नाचे दोन फोटो अर्धे राखाडी झाले होते. पावसाची फाईल पूर्ण होती.

अण्णांना हाक मारायच्या आधी मी ती एकटीने बघितली, खरं सांगायचं तर पहिल्यांदाच इतकी नीट. तीन रकाने. तारीख, मिलिमीटर, शेरा. २०४.५ च्या वरचे दिवस लाल, कारण तिथून हवामान खात्याची ‘अत्यंत मुसळधार’ सुरू होते. आकडे मला माहीत होते, निदान आहेत हे माहीत होतं. शेरे मी कधी वाचले नव्हते.

‘रात्रभर. पुलावरून पाणी, शाळा बंद.’ ‘निरंक. ऊन. हिचा ताप उतरला.’ ‘लावणी संपली.’ ‘सकाळी उघडीप, दुपारी धाकटी पुण्याला गेली.’ आणि २२ जुलै २०२१, चिपळूण बुडालं तो दिवस. त्या ओळीत आकड्याच्या जागी लिहिलं होतं, ‘मोजपात्र भरून वाहिले, आकडा देता येत नाही.’ शेऱ्यात, ‘चिपळुणात कुणाचा फोन लागत नाही.’ दुसऱ्या दिवशी तेच, फक्त ‘अजून’ हा शब्द जास्त.

साडेआठ वाजले होते. अंगणात अण्णांची छत्री उघडल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. त्यांनी नरसाळं बाजूला केलं, पाणी मोजपात्रात ओतलं, वाकून डोळा पाण्याच्या पातळीशी आणला आणि थोडा वेळ तसेच राहिले. मग पाणी जास्वंदीच्या मुळाशी टाकलं आणि आत आले. पायरीवर पाय पुसताना माझ्या पडद्याकडे नजर गेली, रंगीत रकाने त्यांनी लांबूनच ओळखले. काही बोलले नाहीत. माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, ओला होता.

“वहीतले दिवस आधी घाल,” म्हणाले. मी ते घातले. मग त्यांनी आजचा आकडा सांगितला, दशांशासकट. मी टाइप केला आणि विचारलं, “शेरा?”

“वीज गेली होती, साडेसात ते साडेनऊ.” ते जरा थांबले. “आणि लिही, धाकटी आली आहे.”